सकाळी गोड, संध्याकाळी कडू : मोसंबी ज्यूसवाल्यांनी जीभ आणि नाक समजून घ्या

जालन्याजवळच्या एका ताईंचा मागच्या महिन्यात फोन आला. घरची मोसंबी, घरीच ज्यूस काढला, बाटल्या भरल्या, थंड करून विकल्या. "सर, सकाळी मी स्वतः पिऊन बघितला, एकदम गोड होता. संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणतं, कडू आहे. मला तर तेवढा कडू लागतच नाही." चाळीस बाटल्या परत आल्या होत्या.

ताई खोटं बोलत नव्हत्या आणि गिऱ्हाईकही नाही.

आधी कडूपणाचं बघू. मोसंबीच्या बियांत आणि फोडींभोवतीच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, म्हणून फोड तोंडात टाकली तर गोडच लागते. पण फळ पिळलं की रसाच्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन तयार होतं, आणि ते कडू. याला काही तास लागतात. उष्णता दिली तर हेच काम लवकर होतं, म्हणजे "उकळून बाटलीत भरू, टिकेल" हा उपाय इथे उलटा पडतो.

आता जीभ. शाळेत आपल्याला जिभेचा नकाशा शिकवला होता, टोकाला गोड, मागे कडू वगैरे. तो चूक आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (शिजलेल्या टोमॅटोत, मटणाच्या रश्श्यात लागते ती) या पाचही चवी जिभेच्या सगळ्या भागांत कळतात. तिखट यात नाही. मिरचीची आग ही चव नसून वेदनेच्या नसांनी दिलेला इशारा आहे. कडूचं मात्र वेगळं प्रकरण आहे. गोड ओळखायला जिभेकडे मुख्यतः एकच ग्राहक, आणि कडू ओळखायला साधारण पंचवीस. कारण सरळ आहे, निसर्गातली बरीच विषं कडू असतात. म्हणून लिटरभर रसात काही मिलिग्रॅम लिमोनिनही पुरतं. आणि हे ग्राहक माणसागणिक वेगळे असतात. एकाला जे कडूजहर, ते दुसऱ्याला जाणवतही नाही.

नाकाचं काम याहून मोठं. एक प्रयोग आत्ता करा. नाक चिमटीत धरा आणि बडीशेपेची गोळी चावा. फक्त गोड लागेल. आता नाक सोडा. बडीशेप एकदम आली ना? आपण जिला "चव" म्हणतो, तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो. नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. हे कोडं उलगडणाऱ्या रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं.

पण या नाकाला एक खोड आहे, जी धंद्याला महागात पडते. एकच वास सतत आला की काही मिनिटांत ते तो कळवणं कमी करतं. मसाला कांडणाऱ्या घरात पाहुण्याला शिंका येतात, घरच्यांना काहीच नाही! दिवसभर मोसंबी पिळणाऱ्या माणसाचं तेच होतं. थोडक्यात, स्वतःच्या मालाचे सगळ्यात वाईट परीक्षक आपणच. दुसरे वाईट परीक्षक नातेवाईक, ते काहीही प्याले तरी "छान झालंय" म्हणणार.

मग करायचं काय? तीन पेल्यांची चाचणी. तिन्ही पेले सारखे, ज्यूस सारखाच थंड. (थंड ज्यूस कमी गोड लागतो, म्हणून गिऱ्हाईक पितं तेवढाच थंड हवा.) दोन पेल्यांत ताजा काढलेला, एकात त्याच प्रकारच्या फळांचा सहा तास ठेवलेला. कुठला कुठे हे सांगायचं नाही. फक्त विचारायचं, वेगळा कोणता? नुकताच चहा घेतलेली किंवा तंबाखू खाल्लेली माणसं नकोत. बारा जणांत चार बरोबर आले तर तो निव्वळ अंदाज समजा. आठ किंवा जास्त आले, तर फरक खरा आहे आणि गिऱ्हाईकालाही कळणार.

कडूपणा कमी करायचा तर पूर्ण पिकलेलं फळ घ्या, कच्च्यात तो जास्त. पांढरा भाग नीट काढा, बिया चिरडू देऊ नका, शेवटच्या थेंबासाठी चोथा दाबू नका. रस कमी निघेल, हो, तेवढा भाव धरूनच हिशोब मांडा. चिमूटभर मिठाने कडूपणा दबतो, रसवंतीवाले उगाच टाकत नाहीत. मोठे कारखाने रेझिनमधून रस गाळून लिमोनिन काढतात, पण ते यंत्र आपल्या भांडवलात बसत नाही. प्रक्रियेबद्दल विचारायचं तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जालन्याला लागूनच आहे, एक चक्कर मारा.

ताईंनी बचत गटातल्या बारा जणींवर ही चाचणी केली. दहा जणींनी ठेवलेला पेला बरोबर ओळखला. ताईंनी स्वतः दोनदा करून बघितली, दोन्ही वेळा चुकल्या. आता बाटल्या बंद आहेत, ग्लासवर ताजा ज्यूस विकतात, आणि चव बघायचं काम जाऊबाईंकडे आहे.