बेरीज बरोबर, खाना चुकीचा

बी.कॉम.च्या सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा सगळ्या विषयांत मी पास होते, पण निकालाच्या जागी तीन अक्षरं होती: आर.एल.ई. मुंबई विद्यापीठात शिकलेल्यांना त्यांचा अर्थ ठाऊक असतो. खालच्या परीक्षेतलं काहीतरी बाकी आहे, म्हणून वरचा निकाल राखून ठेवलाय. माझं मात्र काहीच बाकी नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्सच्या पेपरात केटी लागली होती, म्हणजे नापास झाल्याने तो विषय पुन्हा द्यायचा होता; ती केटी पुढच्याच परीक्षेत सुटली होती आणि तशी गुणपत्रिका माझ्याकडे होती.

घोळ कुठे झाला हे कळायलाच बरेच दिवस गेले. संलग्न कॉलेजांत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेज घेतं, निकालही कॉलेजच लावतं. शेवटचं वर्ष विद्यापीठाकडे. म्हणजे पहिल्या चार सेमिस्टरची मूळ नोंद वसई तालुक्यातल्या एका कॉलेजच्या लेजरमध्ये आणि पदवीचा निर्णय सांताक्रूझजवळच्या कालिन्याला. केटी सुटल्याचे गुण लेजरमध्ये चढले होते, पण कॉलेजने पुढे पाठवलेल्या यादीत माझ्या नावासमोर जुनेच, नापासाचे गुण राहिले होते. ती यादी करणारे कर्मचारी तोवर बदलून गेले होते. लेजरच्या पानाची प्रत, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, कॉलेजचं पत्र आणि माझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स एवढं जमवून दुरुस्ती होईपर्यंत एम.कॉम.चे प्रवेश संपले होते. अंधेरीच्या एका खासगी बँकेत नोकरी ठरली होती, तीही गेली, कारण त्यांना ठरलेल्या तारखेच्या आत पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र हवं होतं. आई रोज विचारायची, 'अगं, पास झालीयस ना तू?' पास झालेल्या मुलीच्या घरात नापासाचं वातावरण कसं असतं, ते मी तेव्हा पाहिलं.

आज मी वसईतच वाणिज्य शिकवते आणि मेंटर म्हणून मुलांशी बोलते तेव्हा हे सगळं आवर्जून सांगते. त्या तीन वर्षांत माझी सहाही सेमिस्टर एका कागदावर मांडून कुणी पाहिली नव्हती. कॉलेजने चालू वर्ष पाहिलं, विद्यापीठाने शेवटी पाहिलं, आणि शेवटी पाहून दिसलेली चूक सुधारायला वेळच उरत नाही.

परदेशात यासाठी पदवी-तपासणी अहवाल, म्हणजे डिग्री ऑडिट, असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठाने १९८०च्या दशकात त्याची संगणकप्रणाली उभी केली आणि नंतर ती इतर अनेक विद्यापीठांनी घेतली. पदवीसाठी काय काय लागतं, त्यातलं विद्यार्थ्याने काय पुरं केलं, काय चालू आहे आणि काय राहिलं, हे एका अहवालात दिसतं. विषय निवडण्याआधी सल्लागार प्राध्यापक आणि विद्यार्थी तो समोर ठेवून बोलतात. शिकायला तिकडे गेलेल्या वसईच्या मुलांना तो सवयीचा होऊन जातो. इथल्या मुलांना त्याची गरज आता कितीतरी जास्त आहे.

कारण नवीन शैक्षणिक धोरण. आपल्या संलग्न कॉलेजांत ते जून २०२४ पासून आलं. पूर्वी वर्षाचे विषय बहुतेक ठरलेले असत. पास झालात की पुढे. आता राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक आहेत आणि ते वेगवेगळ्या खान्यांत विभागलेले आहेत: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवर्धन, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. मुलं आणि पालक बेरीज पाहतात. 'मॅडम, चव्वेचाळीस झाले, म्हणजे पहिलं वर्ष क्लिअर ना?' पदवी नुसत्या बेरजेवर मिळत नाही. मेजरमध्ये दोन श्रेयांक कमी पडले आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये दोन जास्त झाले, तर बेरीज तीच राहते आणि पदवी अडते.

ओपन इलेक्टिव्हचंच घ्या. तो विषय आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा, असं राज्याच्या आराखड्यात सांगितलंय. कॉमर्सच्या मुलाने ओळखीचा वाटतो म्हणून कॉमर्सचाच विषय घ्यायचा नाही. एकाच कॉलेजात राहणाऱ्यांची ही काळजी तिथलं वेळापत्रक घेतं. गुंता होतो तो कॉलेज बदलणाऱ्यांचा, आणि आपल्या भागात तो खूप होतो. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की घर नालासोपाऱ्याहून विरारला, विरारहून बोईसरला जातं आणि मुलगा दुसऱ्या वर्षाला तिथल्या कॉलेजात जातो. जुन्या कॉलेजात सुरू केलेला मायनर नव्या कॉलेजात नसतो. प्रवेशाच्या धांदलीत हे कुणी विचारत नाही, आणि कळतं तेव्हा एक सेमिस्टर गेलेलं असतं. कॉलेज बदलणार असाल तर फी भरण्याआधी नव्या कॉलेजच्या समन्वयकांपुढे जुन्या गुणपत्रिका ठेवा आणि कोणता श्रेयांक कोणत्या खान्यात धरणार ते लिहून घ्या. 'होईल अ‍ॅडजस्ट' या तोंडी उत्तरावर थांबू नका.

'एबीसी खात्यात सगळं दिसतंच की,' असं मुलं म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे, म्हणजे एबीसीचे, नियम केले आणि डिजिलॉकरमधून ते खातं उघडता येतं. सोय चांगलीच आहे. पण तिथे जमा झालेले श्रेयांक दिसतात. ते तुमच्या पदवीची कोणती गरज भागवतात, हे तपासणं तुमच्याकडेच उरतं. शिवाय संस्थेने पाठवलं तेवढंच तिथे पोचतं. माझी केटी जशी लेजरमध्ये सुटलेली आणि यादीत अडकलेली होती, तसं आजही होऊ शकतं.

म्हणून मी मुलांना वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांचा तक्ता करायला लावते. डाव्या बाजूला सगळे खाने, प्रत्येकापुढे आपल्या अभ्यासक्रमाला त्या खान्यात लागणारे एकूण श्रेयांक. हा आकडा मित्राकडून घ्यायचा नाही; आपण प्रवेश घेतला त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाच्या परिपत्रकातून उतरवायचा, कारण मागच्या-पुढच्या तुकडीचे नियम निराळे असू शकतात. पुढे सहा सेमिस्टरचे सहा रकाने. गुणपत्रिका हातात आली की त्याच दिवशी भरायचं. ऐकीव निकालावरून काही लिहायचं नाही. केटी असेल तिथे लाल गोल. तो गोल केटी सुटल्याच्या बातमीने पुसायचा नाही, नवीन गुणपत्रिकेत आणि ऑनलाइन नोंदीत दोन्हीकडे गुण दिसले की मगच पुसायचा.

सहअभ्यासक्रमाच्या खान्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. मुलगा एनएसएसमध्ये वर्षभर राबतो, शिबिराला जातो, समुद्रकिनाऱ्यावर कचरा उचलतो, आणि अहवाल व हजेरीपत्रक जमा करायचं राहून जातं. केलेलं काम वाया जातं हे मला फार लागतं. काम झाल्याबरोबर कागद द्या आणि पोच घ्या.

मेंटर असलेल्या सहकाऱ्यांनाही मला काही सांगायचंय. तक्ता समोर आला की आपण रिकाम्या चौकटी शोधतो, त्या भरल्या की 'जा, झालं' म्हणतो. तेवढ्यावर सल्ला पुरा होत नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती. तिचा तक्ता निर्दोष होता, कुठेही लाल नाही. बोलताना कळलं की तिला पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायचंय, आणि मायनर तिने मैत्रिणीबरोबर बसता यावं म्हणून भलताच निवडला होता. नियमाने ते बरोबर होतं, तिच्यासाठी नव्हतं. वेळ होता म्हणून बदल करता आला. दुसरा एक मुलगा रात्रपाळीत वसई पूर्वेच्या कारखान्यात काम करायचा. त्याला अवघड केटी आणि ओजेटी एकाच सेमिस्टरला झेपणार नव्हती. तक्त्यात हे दिसत नाही, विचारावं लागतं. सी.ए.ची आर्टिकलशिप आहे का, एमपीएससी द्यायचीय का, घरी कोण आजारी आहे का? हे आधी विचारा, तक्ता मग उघडा. आणि बोलणं सेमिस्टर सुरू होण्याआधी करा. परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर विषय सहसा बदलता येत नाही.

तफावत सापडलीच तर तोंडी सांगून येऊ नका. परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या. त्यात पीआरएन, सेमिस्टर, विषय, बैठक क्रमांक, दोन्हीकडचे गुण, आणि सोबत गुणपत्रिकेची प्रत. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. माझ्या वेळी शेवटी कामाला आली ती केटी सुटल्याची मूळ गुणपत्रिका. आईने ती लॅमिनेट न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवली होती. प्रत्येक सेमिस्टरच्या मूळ गुणपत्रिका जपा, नापासाच्यासुद्धा, कारण पुढे परदेशी जाताना ट्रान्सक्रिप्टसाठी त्याही मागितल्या जाऊ शकतात.

आपल्या भागात नावांचा प्रश्नही मोठा आहे. डिमेलो, डिसोझा ही आडनावं इंग्रजीत लिहिताना कुणी 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी देतं, कुणी जागा सोडतं, कुणी सलग लिहितं. नालासोपाऱ्यातल्या कितीतरी मुलांच्या आधारवर आडनावच नसतं. आधार, बारावीची गुणपत्रिका आणि कॉलेजची नोंद यांतलं नाव एकसारखं नसेल तर एबीसी खातं जोडताना अडतं आणि श्रेयांक पोचत नाहीत. जून २०२४ ला प्रवेश घेतलेल्यांनी हे अजून पाहिलं नसेल तर तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरण्याआधी पाहावं, आणि नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच तिन्ही कागद शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवून घ्यावं.