खांबावरचा माणूस आणि त्याच्या रक्षणाचे बदलते नियम

शेतांतून गेलेल्या विजेच्या तारेकडे आपण बहुधा दोनच प्रसंगीं पाहतों. एक, पंप बंद पडला म्हणजे, आणि दुसरा, तार लोंबून उसास टेकूं लागली म्हणजे. त्या तारेवर काम करणाऱ्या माणसाकडे मात्र आपलें लक्ष फारसें जात नाहीं. वायरमन लवकर आला तर तो भला, उशीरां आला तर तो आळशी, इतकाच आपला हिशेब. परंतु हा माणूस खांबावर असतो तेव्हां त्याचा जीव कोणत्या नियमांवर अवलंबून असतो, ते नियम वेळोवेळीं कां बदलावे लागतात, आणि त्यांपैकीं किती आपल्याच हातून नकळत मोडले जातात, हें प्रत्येक खातेदारानें समजून घेणें अवश्य आहे. म्हणून ह्या महिन्याचा पाठ आम्हीं ह्या विषयास दिला आहे.

एक पंचनामा

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना वारस नोंदीचें एक प्रकरण आमच्यापुढें आलें. मयत हा तिशींतला कंत्राटी वायरमन असून त्याच्या नांवें दीड एकर जिराईत होती. अर्जासोबत पंचनाम्याची नक्कल होती. तींतील हकीकत अशी: डीपीवरचे तीनही फ्यूज काढून तो लघुदाबाच्या खांबावर चढला. तार तपासली तेव्हां तींत वीज नव्हती. अर्ध्या तासानें जवळच्या वस्तीवर कोंबड्यांच्या शेडमधील पंखे बंद आहेत म्हणून मालकानें जनरेटर सुरू केला. घराची जोडणी बाहेरच्या लाइनीपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच तेथें नव्हता. जनरेटरची वीज जशी घरांत गेली, तशीच मीटरमधून उलट तारेवरही गेली. लाइनीवरचे पंप पुरवठा जातांच स्टार्टर सुटून बंद झालेले होते. त्यामुळें जनरेटरवर जड भार पडला नाहीं व तो थांबलाही नाहीं. तारा जमिनीशीं जोडणारी अर्थिंगची सांखळी लावलेली नव्हती. ती कचेरीच्या कपाटांत होती.

मृत्यूच्या कारणापुढें ‘विजेचा धक्का’ एवढे दोनच शब्द होते. जनरेटरचा मालक मयताच्या ओळखीचा होता. वारसांच्या जबाबावर साक्षीदार म्हणून सही त्याचीच होती. त्यानें ती कोणत्या मनानें केली असेल, ह्याचा विचार आम्हांस आजही सोडीत नाहीं.

ह्या प्रसंगांत चेंजओव्हर स्विच, अर्थिंगची सांखळी, हातांतील रबरी मोजे, किंवा वस्तीवर आगाऊ दिलेली एक सूचना, ह्यांपैकीं कोणतीही एक गोष्ट असती तर बहुधा तो माणूस वांचता. सुरक्षिततेचे नियम म्हणजे असे एकामागें एक घातलेले बांध होत. एक फुटला तर दुसऱ्यानें पाणी अडवावें, हा त्यांतील हेतु.

धक्का म्हणजे काय

माणसाच्या अंगांतून सुमारें १० मिलीअँपियर प्रवाह गेला कीं हाताचे स्नायू आंखडतात व धरलेली तार सुटत नाहीं. सुमारें १०० मिलीअँपियर प्रवाह छातींतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून तें नुसतें थरथरूं लागतें, व रक्ताभिसरण थांबतें. ओल्या त्वचेच्या माणसाचा अवरोध १,००० ओहमपर्यंत उतरूं शकतो. मग घरगुती २३० व्होल्टच्या तारेस हात लागला तर २३० मिलीअँपियर प्रवाह वाहील, म्हणजे प्राणघातक मर्यादेच्या दुपटीहून अधिक. ‘ही तर साधीच लाइन आहे’ ह्या बोलण्यांत कांहींच अर्थ नाहीं, हें ह्या हिशेबावरून दिसून येईल.

दुसरें असें कीं, डीपींतील रोहित्र दोन्ही दिशांनीं काम करतें. तें ११,००० व्होल्टचे सुमारें ४३३ व्होल्ट करून आपणांस देतें. परंतु आपल्या बाजूनें वीज चढविली तर तेंच रोहित्र तिचा दाब सुमारें पंचवीसपट करून वरच्या लाइनीवर पाठवितें. म्हणून फ्यूज जागेवर असतांना वस्तीवरचा लहानसा जनरेटर दूरच्या खांबावरील माणसास मारूं शकतो.

आपल्या देशांतील नियम

भारतांत विजेचा कायदा १९१० सालीं झाला, व त्याखालीं १९५६ सालीं भारतीय विद्युत् नियम करण्यांत आले. लाइनीस हात लावण्यापूर्वीं ती जमिनीशीं जोडून किंवा अन्य योग्य उपायानें तींतील वीज काढून टाकावी. काम करणारास मोजे, रबरी जोडे, कमरपट्टा, शिडी, अर्थिंगचीं साधनें, शिरस्त्राण व लाइन तपासण्याचें साधन पुरवावें. आणि अधिकार दिल्याशिवाय कोणीही जिवंत लाइनीवर काम करूं नये, अशी तरतूद त्यांत होती. पुढें २००३ सालीं नवा विद्युत् अधिनियम आला. त्याच्या ५३ व्या कलमान्वयें केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें २०१० सालीं सुरक्षिततेचे व पुरवठ्याचे विनियम केले, व २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे विनियम आले.

२०१० च्या विनियमांत साधनांबरोबरच माणसाच्या शिक्षणाकडे लक्ष दिलेलें दिसतें. पुरवठा करणाऱ्या कंपनीनें विद्युत् सुरक्षा अधिकारी नेमावा, आणि लाइनी चालविणारे व दुरुस्त करणारे अभियंते, पर्यवेक्षक व तंत्रज्ञ ह्यांस रीतसर प्रशिक्षण द्यावें, असें त्यांत सांगितलें. मोजे कपाटांत असून भागत नाहीं; ते कां घालावयाचे हें घालणारास उमगलें पाहिजे.

अमेरिकेंतील एक उदाहरण

नियम जुने झाले म्हणजे काय होतें, ह्याचें चांगलें उदाहरण अमेरिकेचें आहे. तेथें कामगारांच्या सुरक्षिततेचें काम ‘ओशा’ ह्या नांवाचें सरकारी खातें पाहतें. नव्या लाइनी उभारण्याच्या कामाचे नियम तेथें १९७२ सालचे, तर चालू लाइनींच्या दुरुस्तीचे १९९४ सालचे होते. माणूस तोच, खांब तोच. पण काम उभारणीचें म्हटलें कीं नियम एक, आणि दुरुस्तीचें म्हटलें कीं दुसरा. हा घोळ काढण्यासाठीं खात्यानें २००५ सालीं नवा मसुदा प्रसिद्ध केला, लोकांच्या हरकती घेतल्या, आणि एप्रिल २०१४ मध्यें अंतिम नियम जाहीर केले. त्यांतील मुख्य मुद्दे असे:

(१) लाइनीची मालक कंपनी व काम करणारा कंत्राटदार ह्यांनीं धोक्याची माहिती एकमेकांस दिलीच पाहिजे. कंत्राटदाराच्या माणसास त्या लाइनीची खोड ठाऊक नसते. ती मालकास ठाऊक असते. कळून न कळविणें हा येथें दोष ठरला.

(२) यांत्रिक पाळण्यांतून काम करणाऱ्यानें पडण्यापासून रक्षणासाठीं नुसता कमरपट्टा न वापरतां खांदे व मांड्या ह्यांस धरणारें पूर्ण अंगाचें पट्ट्याचें जाळें वापरावें. कमरपट्ट्यावर लटकलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्यास व पोटांतील इंद्रियांस इजा होते. तसेंच एप्रिल २०१५ पासून, अशक्य किंवा अधिक धोक्याचें नसेल तेथें, खांबावर चढतां-उतरतांनाही माणूस दोरानें बांधलेला असावा असें ठरलें.

(३) दोन तारांमध्यें ठिणगीचा लोळ उठला तर त्याच्या उष्णतेनें कपडे पेटतात. म्हणून मालकानें प्रत्येक जागीं ती उष्णता किती होईल ह्याचा अंदाज काढून तिला टिकणारे कपडे द्यावे. वितळून अंगास चिकटणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांस तर १९९४ पासूनच मनाई होती.

(४) जिवंत तारेपासून किती अंतर राखावें ह्याचे आंकडे नव्यानें हिशेब करून ठरविले.

ह्या बदलांमुळें दरवर्षीं सुमारें २० मृत्यु व ११८ गंभीर इजा टळतील, असा त्या खात्याचा अंदाज होता. विजेचा गुणधर्म १९७२ सालीं होता तोच २०१४ सालींही होता. बदललें तें माणसाचें ज्ञान, साधनें व कामाची पद्धत. कंत्राटी माणसें वाढलीं, नवे कपडे निघाले, अपघातांच्या चौकशींतून नवीं कारणें कळलीं. बियाणें बदललें कीं आपण पेरणीचें अंतर बदलतों, तसेंच हें आहे.

आपल्या हातीं काय आहे

कोणी म्हणेल कीं, हे नियम कंपनीनें व तिच्या माणसांनीं पाळावयाचे. त्यांत शेतकऱ्याचा संबंध काय? वरील पंचनामा हेंच त्याचें उत्तर आहे. शिवाय वायरमन वेळेवर येत नाहीं म्हणून आपण स्वतः डीपीवर चढतों, तेव्हां तर मोजे, पट्टा व शिक्षण ह्यांपैकीं कांहींच आपल्यापाशीं नसतें. पीक सुकत असतां धीर धरणें किती कठीण आहे, हें आम्ही जाणतों, आणि दुरुस्तीस विलंब लावणाऱ्यांचा कैवार आम्हांस घ्यावयाचा नाहीं. परंतु एक पाळी चुकली तर एका पिकाचें नुकसान होतें. घरचा कर्ता गेला तर तें भरून येत नाहीं. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

(१) डीपीवरचे फ्यूज व ए. बी. स्विच ह्यांस हात लावूं नये, व गड्यास तर कदापि लावावयास सांगूं नये.

(२) जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराकडून बसवून घ्यावा. लाइनीस जोडलेला सौर संच असेल तर पुरवठा जातांच तो आपोआप बंद झाला पाहिजे. ती योजना कोणी काढून टाकूं नये.

(३) शेतीची लाइन बंद असतां गावठाणाच्या लाइनीवरून आकडा टाकून पंप चालविणें हा गुन्हा तर आहेच; पण त्यानें बंद समजल्या जाणाऱ्या तारेंत वीज शिरते, आणि तेथें कोणी काम करीत असूं शकतो.

(४) ‘पांच वाजतां लाइन सुरू करा’ असा घड्याळावरचा ठराव कधींही मानूं नये. ज्यानें लाइन बंद करविली, त्यानेंच खालीं उतरून, माणसें व सांखळ्या मोजून, सुरू करण्यास सांगितलें पाहिजे.

(५) रस्ता सोडून इतर जागीं ११,००० व्होल्टची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर उंच असावी, असें १९५६ च्या नियमांत व २०१० च्या विनियमांतही होतें. तुषार सिंचनाचा अॅल्युमिनियमचा नळ ६ मीटर लांब असतो. तो उभा केला तर नियमानें बांधलेल्या तारेसही लागेल. म्हणून नळ नेहमीं आडवा, दोघांनीं धरून न्यावा, व तारेखालीं त्याचा ढीग करूं नये. अमेरिकेंत अशिक्षित माणसानें ५०,००० व्होल्टपर्यंतच्या तारेपासून १० फूट दूर राहावें असा नियम आहे; तो आपणही ध्यानांत धरावा.

(६) तुटून पडलेल्या तारेपासून निदान १० मीटर दूर राहावें, कारण तिच्या भोवतालच्या ओल्या जमिनींतही वीज पसरते. जवळ सांपडल्यास लांब ढांगा न टाकतां पाय जुळवून लहान उड्या मारीत दूर जावें. खांबाच्या ताणास जनावर बांधूं नये.

(७) कोणास धक्का बसला तर त्यास हात लावण्यापूर्वीं वीज बंद करावी. ती बंद करणें शक्य नसेल व तार लघुदाबाची असेल तरच कोरड्या लांकडानें ती दूर करावी. ११,००० व्होल्टच्या तारेपाशीं लांकूडही उपयोगी नाहीं. श्वास थांबला असेल तर मदतीस माणूस धाडून, छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० ह्या गतीनें सुमारें ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावे, व मदत येईपर्यंत थांबूं नये.

संघानें काय करावें

एकट्या शेतकऱ्याचें म्हणणें कोणी ऐकत नाहीं, हें खरें. म्हणूनच संघ आहे. प्रत्येक गांवच्या शाखेनें प्रथम आपल्या शिवारांतील जनरेटरांची यादी करून चेंजओव्हर स्विच कोठें नाहीं हें पाहावें. नंतर लोंबत्या तारांची व उघड्या डीपींची गटनंबरवार यादी करून ती लेखी द्यावी, व पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीस कागदावर जागा नसते. येणाऱ्या वायरमनपाशीं मोजे, शिरस्त्राण, पट्टा व अर्थिंगची सांखळी आहे काय, हें आपुलकीनें विचारावें, आणि नसल्यास तसेंही लेखी कळवावें. कायद्याच्या १६१ व्या कलमान्वयें विजेच्या अपघाताची खबर देणें बंधनकारक आहे, व २००५ सालच्या नियमांप्रमाणें ती २४ तासांच्या आंत विद्युत् निरीक्षकाकडे गेली पाहिजे. अपघात झाल्यास ती गेली कीं नाहीं ह्याची शाखेनें चौकशी करावी.

शेवटची गोष्ट. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणास आपले विनियम कायम करण्यापूर्वीं त्यांचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, व त्यावर कोणासही सूचना पाठवितां येतात. नियम शहरांत लिहिले जातात, पण खांब आपल्या बांधावर उभा असतो. पुढील मसुदा निघेल तेव्हां त्यावर ह्या संघाची सूचना गेलेली असावी, अशी आमची इच्छा आहे. तोंवर जनरेटरची यादी करावयास कोणाची परवानगी नको. ती ह्याच महिन्यांत व्हावी, अशी सर्व शाखांस आमची विनंती आहे.