खिडकी मोठी, भोक लहान

लिंटेलचं बेअरिंग किती, असं ओरलला विचारलं की आपण 'सर, 150 मि.मी.' असं ठोकून देतो. मीही दिलं होतं. ते 150 मि.मी. कशासाठी, हे मात्र मे महिन्याच्या सुट्टीत शहादा तालुक्यातल्या आमच्या घरी कळलं.

घराच्या दोन खोल्या नव्या बांधल्या. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आणि एकही बसेना! फ्रेम 1210 मि.मी. रुंद, भिंतीतलं भोक वर 1188, मध्ये 1192, खाली 1196. कारागिराने माप घेतलं होतं प्लास्टरच्या आधी, तेव्हा ते पुरे चार फूट म्हणजे 1219 होतं.

मिस्त्री छिन्नी घेऊन तयारच. म्हणाले, "भाऊ, दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी वीट काढू, मग आरामात बसवू." मी हिशोब केला. लिंटेल दोन्हीकडे सहा इंच टेकलेलं. अर्धी वीट म्हणजे चार-साडेचार इंच. उरतात जेमतेम दीड-दोन इंच, आणि वरच्या विटांचा भार तेवढ्यावर! बाबा म्हणाले, "मिस्त्री तीस वर्षं घरं बांधतायत." खरंच होतं ते. तरी मी अडून बसलो.

वीट न काढता फक्त बाजूंचं प्लास्टर खरवडलं. भोक पुन्हा 1219 झालं, दोन्हीकडे चार-पाच मि.मी. फट राहिली. फ्रेमला ओळंबा लावला, पाचर मारून स्थिर केली, मग स्क्रू आणि फटीत सिलंट. ओलं सिमेंट अॅल्युमिनियमला डाग पाडतं, म्हणून आधी फ्रेमवर टेप चिकटवली.

स्वयंपाकघरात उलटा प्रकार. सिलचा दगड बसवायचाच राहिला, त्यामुळे उंचीत 60 मि.मी. जास्त. तिथं मसाल्यावर कडप्पा बसवला, बाहेर किंचित उतार देऊन. (आपल्या हॉस्टेलच्या खिडकीत पेपर कोंबतो, तो इलाज तिथं चालला नसता.)

तुमच्याकडे खिडक्या करायच्या असतील तर माप प्लास्टर आणि सिल झाल्यावर घ्या. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण; ऑर्डर सगळ्यात लहान मापावरून, फट सोडून.

शेवटी बाहेरून बादलीने पाणी मारून पाहिलं. स्वयंपाकघर कोरडं. पुढच्या खोलीत मात्र डाव्या कोपऱ्यातून ओघळ आलाच. तिथलं सिलंट काढून पुन्हा भरलं.