गाईच्या पोटात तार

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण. ही नावे घेतली की कारखाने डोळ्यांपुढे येतात. पिंपरीला 1954 साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली. पण गोठे काही मोडले नाहीत. मोशी, चिखली, कुरुळी, निघोजे या गावांत आजही दावणीला गाई-म्हशी दिसतात. चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो.

एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला गोठा. मधे रस्ता आणि रस्त्याच्या कडेला गवत. त्या गवतात काय पडलेले असते? खिळे, पत्र्याचे तुकडे, बांधकामाची तार. टायर जाळला की त्यातली बारीक तारही तिथेच उरते. हेच गवत आपण कापून आणतो आणि गाईपुढे टाकतो.

गाय तार का गिळते?

माणूस घास चावून खातो. खडा लागला तर थुंकून टाकतो. गाईचे तसे नाही. तिला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात. ती जिभेने वैरण ओढते आणि भराभर गिळते. नीट चावण्याचे काम मागाहून, निवांत बसून करते. त्यालाच आपण रवंथ म्हणतो. म्हशीचेही तसेच. शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून तिला हा धोका कमी.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा. दुसरा लहान, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखा. खिळा, तार अशा जड वस्तू या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतात. त्याच्या पुढे एक पातळ पडदा असतो. पडद्यापलीकडे लगेच हृदय.

हा कप्पा सारखा आकसतो आणि सैल होतो. तारेचे टोक हळूहळू पुढे रुतते. गाय गाभण असली की वासराचे ओझे पोटावर येते. टोक आणखी रुतते. म्हणून पुष्कळदा हे दुखणे विण्याच्या सुमारास उघड होते.

दवाखान्यात

शेतकरी : डॉक्टरसाहेब, गाय कालपतोर चांगली व्हती. आज वैरणीला तोंड लावंना.

डॉक्टर : दूध किती दिलं?

शेतकरी : रोज सहा लिटर देती. आज दीडावर आली. रवंथबी करंना.

डॉक्टर : उभी कशी राहते?

शेतकरी : पाठीला बाक काढून. पुढची ढोपरं भाईर काढती. उतारानं चालायला नको म्हणती. बसताना कण्हती.

डॉक्टर : घरी काही उपाय केला का?

शेतकरी : अजून न्हाई. शेजारी म्हणतो जुलाब द्या. म्हातारा म्हणतो डाग द्या.

डॉक्टर : दोन्ही नको. जुलाबानं तार निघत नाही. डागानं गाईला आणखी एक जखम होईल. बाटलीनं तेलही पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर गाय दगावेल. आज आलात हे बरं केलंत.

उपाय काय?

डॉक्टर गाय तपासतात. मग तिला बोटाएवढा गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात. तो दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतो आणि लोखंड धरून ठेवतो. पुढचे पाय उंचावर येतील अशा जागी गाईला बांधून विश्रांती देतात. जखमेत पू होऊ नये म्हणून इंजेक्शन देतात. इंजेक्शन चालू असताना, आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, त्या गाईचे दूध घरी पिऊ नये व डेअरीला घालू नये. एवढ्याने भागले नाही, तर डाव्या कुशीला ऑपरेशन करून तार हाताने काढतात.

उशीर झाला तर? गळ्याखालच्या पोळीला सूज येते. मानेची शीर फुगते. तार हृदयाला लागली असेल तर गाय वाचणे कठीण. गाय जाते आणि कर्ज मात्र दावणीला राहते. म्हणून दुखण्याचा पहिला दिवस मोलाचा.

लोहचुंबक फक्त लोखंड धरतो. तांबे, ॲल्युमिनियम धरत नाही. प्लॅस्टिकची पिशवीही धरत नाही. पिशवी पचत नाही, तिचा पोटात गोळा होतो. राज्यात 2018 साली अशा पिशव्यांवर बंदी आली, पण उकिरड्यावर त्या अजून दिसतात.

एवढे करा

1. गॅरेज, भंगाराचे दुकान, बांधकाम यांच्या कडेचे गवत कापू नका.
2. कुट्टी करण्याआधी वैरण झटकून पाहा. यंत्रात तारेचे टोकदार तुकडे होतात.
3. सुई, दाभण, पिना गोठ्यात नेऊ नका.
4. गोठ्याजवळ टायर जाळू नका.
5. शिळी भाकरी पिशवीत बांधून टाकू नका.
6. कालवड अशा जागी चरत असेल, तर तिला लोहचुंबक आधीच देता येतो. डॉक्टरांना विचारा.

गाय हलवता येत नसेल तर 1962 या नंबरावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हा नंबर आहे. लक्षात ठेवायला सोपा आहे. औद्योगिक महामंडळ निघाले त्याच सालाचा आकडा. गाईच्या कानातल्या बिल्ल्यावर 12 अंक असतात. ते नीट वाचून सांगा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्या कोणाला बोलवायला नको.

उत्तरे सांगा

1. तार पोटाच्या कोणत्या कप्प्यात बसते?
2. तार टोचल्याची तीन लक्षणे सांगा.
3. जुलाब का देऊ नये?
4. तुमच्या गाईच्या बिल्ल्यावरचा नंबर वहीत लिहा.