हृदयशस्त्रक्रियेनंतरचे जीवन : पुरुषांचे आणि स्त्रियांचे

पायातील शीर काढून ती हृदयाच्या अवरुद्ध रोहिणीला वळणमार्ग म्हणून जोडण्याची शस्त्रक्रिया रेने फावालोरो या शल्यविशारदांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रूढ केली. भारतात ती १९७५ मध्ये मद्रासमधील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात झाली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे सामान्य कुटुंबालाही ही शस्त्रक्रिया आवाक्यात आली असून 'बायपास' हा शब्द खेड्यातही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी झाली किंवा कसे, याचे उत्तर आपण अद्याप रुग्णालयाच्या दारातच शोधतो. रुग्ण घरी परतला की आपल्या लेखी विषय संपतो.

वैद्यकशास्त्र आता तेथेच थांबत नाही. रुग्ण किती वर्षे जगला याबरोबरच तो कसा जगला, हेही मोजले जाते. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत ३६ प्रश्न आहेत. जिना चढता येतो का, वेदना कामाच्या आड येतात का, उत्साह वाटतो का, लोकांत मिसळावेसे वाटते का, असे त्यांचे साधे स्वरूप आहे. युरोप व अमेरिकेतील अशा पाहण्यांतून एक गोष्ट पुनःपुन्हा आढळून आली आहे. शस्त्रक्रियेने स्त्री व पुरुष दोघांचेही जीवन सुधारते. परंतु स्त्रिया शस्त्रक्रियेपूर्वीच अधिक खालावलेल्या असतात आणि नंतरही पुरुषांच्या मागेच राहतात.

याची काही कारणे शारीरिक आहेत. स्त्रियांना हा विकार सामान्यतः पुरुषांपेक्षा सात ते दहा वर्षे उशिरा जडतो. तोपर्यंत वय झालेले असते, मधुमेह व रक्तदाब सोबत असतात. त्यांच्या रोहिण्याही अधिक बारीक असतात. शिवाय छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, पाठदुखी किंवा केवळ थकवा अशी लक्षणे अनेकींत दिसत असल्याने निदानास विलंब होतो. परंतु वय व इतर विकार जमेस धरूनही हा फरक पुरता नाहीसा होत नाही. उरलेला भाग, प्रस्तुत लेखकाच्या मते, बऱ्याच अंशी घरात शोधावा लागेल.

शस्त्रक्रियेत उरोस्थी मधोमध कापून पोलादी तारेने पुन्हा बांधतात. हे हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे आणि पक्के होण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, ओढू वा ढकलू नये, असे रुग्णास सांगितले जाते. आता आपल्या घरांतील वजने पाहा. दहा लिटरच्या घागरीतील पाणीच दहा किलो भरते. घागरीचे वजन वेगळे. हापसा मारणे, धुणे आपटणे व पिळणे, पीठ मळणे, सरपणाचा भारा उचलणे या प्रत्येक कामात छातीच्या हाडावर ताण येतो. पुरुष रुग्णास 'जड काम करू नका' म्हटले की तो शेतावर किंवा कामावर जात नाही आणि घरातील सर्वजण ते मान्य करतात. स्त्रीस तेच सांगितले तर तिला वाटते, आपण जड काम करतोच कुठे? घरकामाला काम न म्हणण्याच्या आपल्या सवयीची किंमत येथे हाडामांसाने मोजावी लागते.

पुरुषांची अडचण उलट दिशेची असते. त्यांना अनेकदा गरजेपेक्षा अधिक जपले जाते. वास्तविक घरी परतल्यावर रोज थोडे चालून, ते हळूहळू अर्ध्या तासापर्यंत वाढविणे हा उपचाराचाच भाग होय. बैठे काम सुमारे दोन महिन्यांनी व कष्टाचे काम तीन महिन्यांनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, बहुतेकांना सुरू करता येते. तरीही कायमचा रोगी म्हणून ओसरीवर बसून राहिलेला कर्ता पुरुष आपण पाहतोच. झोप न लागणे, चिडचिड, विस्मरण, उगीच रडू येणे ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांत दिसतात. पुरुष ती सांगत नाहीत. आणि विडी-तंबाखू पुन्हा सुरू होते ती याच रिकाम्या दिवसांत. पायाच्या शिरेचे वळणमार्ग दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात. तंबाखू सोडणे व औषधे चालू ठेवणे यांचे महत्त्व त्यावरून लक्षात यावे.

झडपेच्या रुग्णांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. संधिवाती तापाने मिट्रल झडप आकुंचन पावण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक असून त्यांतील अनेकजणी तरुण असतात. कृत्रिम यांत्रिक झडप बसविल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. उपासाच्या दिवशी ती चुकवली वा महिनाभर आणलीच नाही, तर झडपेवर गुठळी धरू शकते. मेथी-पालक वर्ज्य नाहीत. मात्र प्रमाण रोज साधारण सारखे असावे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. हे औषध गर्भालाही अपायकारक ठरू शकते, म्हणून मूल हवे असल्यास दिवस जाण्यापूर्वीच तज्ज्ञांची भेट घ्यावी. ही गोष्ट सासूला व पतीलाही ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण निर्णय तिच्या एकटीच्या हाती क्वचितच असतो.

पंचायत सदस्यांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या स्त्रीच्या घरी निदान तीन महिने पाणी कोण भरणार, हे तिच्या घरच्यांशी आधीच बोलून ठरविता येते. कार्यालयप्रमुखांनी रुजू झालेल्या कर्मचाऱ्यास काही काळ हलके काम द्यावे, पण बिनकामाचे बसवू नये. शिक्षकांच्या वर्गात झडपेच्या रुग्णाचे मूल असेल तर आईच्या रक्ततपासणीची पुढील तारीख त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन ती घरातील दिनदर्शिकेवर लावण्यास सांगावे.