गोधडीचा टाका आणि शिवणयंत्र

वऱ्हाडात गोधडी ही बाजारातून आणावयाची वस्तू नव्हती. जुनी लुगडी, विटलेली धोतरे आणि मुलांचे आखूड झालेले कपडे यांतून ती घरीच तयार होत असे. मुलूख कापसाचा असला तरी गोधडीत कापूस भरीत नाहीत. कापूस पिंजून दुलई वा गादी भरण्याचे काम पिंजाऱ्याचे. गोधडी म्हणजे कापडाचे एकावर एक थर आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांना, अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे, लोक 'गोधडे महाराज' असेही म्हणत. गरिबीशी जोडलेली ही वस्तू आज मात्र शहरांतील प्रदर्शनांत हौसेने विकत घेतली जाते.

ही मागणी पुरविणे महिला बचत गटांना सोपे नाही. हाताने एक मोठी गोधडी पुरी करावयाची तर अनेक दिवस मोडतात आणि त्या श्रमाचा मोबदला किमतीत पुरता उतरत नाही. म्हणून गट शिवणयंत्राकडे वळतात. परंतु यंत्रावरील गोधडी गादीच्या खोळीसारखी सपाट व कडक दिसते. यंत्राने हाताच्या टाक्याचे रूप आणता येईल काय आणि आणता आले तर ती वस्तू कोणत्या नावाने विकावी, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांत गटांना मार्गदर्शन करणारे ग्रामसेवक, शिक्षिका आणि पंचायत सदस्य यांनी ते एकत्रच विचारात घेतले पाहिजेत.

टाक्यातील भेद

हाताच्या धावदोऱ्यात दोरा एकच असतो. तो कापडाच्या वर येतो, पुन्हा खाली जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंना टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून दिसतात. साध्या शिवणयंत्रात दोरे दोन, एक सुईतला व दुसरा बॉबिनचा. ते कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात आणि दोन्ही बाजूंना दोऱ्याची अखंड रेघ उमटते. हातकामाचा भास नाहीसा होतो तो या रेघेमुळे. टाका सरळ येतो हे कारण दुय्यम आहे.

यावर एक युक्ती आहे. सुईत पारदर्शक नायलॉनचा बारीक दोरा ओवावयाचा आणि बॉबिनवर रंगीत, किंचित जाड सुती दोरा भरावयाचा. टाका शक्य तितका लांब ठेवून वरच्या दोऱ्याचा ताण वाढविला की, प्रत्येक छिद्रातून खालचा सुती दोरा ठिपक्याएवढा वर ओढला जातो. मधला नायलॉन डोळ्यांना दिसत नाही. बॉबिन केसचा स्क्रू थोडा सैल केल्यास ठिपका काहीसा लांबतो. तरीही हाताचा तांदळाच्या दाण्याएवढा टाका तो नव्हे, हे मान्य केले पाहिजे. साशिको या जपानी भरतकामाचे नाव दिलेले एक यंत्र परदेशात मिळते. ते केवळ खालच्या एकाच दोऱ्यावर चालते व त्याचा टाका हाताच्या टाक्याच्या पुष्कळ जवळ जातो. किंमत मात्र गावातील गटाला झेपणारी नाही.

टाक्याइतकेच महत्त्व ओळींच्या मांडणीला आहे. हाताची गोधडी बहुधा काठापासून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन घेत मध्याकडे जाते. यंत्रावर तसे केल्यास मध्यभागी कापडाचा फुगा जमतो, कारण यंत्राचे दाते केवळ खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा मागे रेंगाळतो. यासाठी सर्व थर आधी वीतभर अंतरावर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत, सुई १६ किंवा १८ नंबरची घ्यावी, फुटाचा दाब कमी करावा आणि शिवण मध्यापासून काठाकडे न्यावी. पुरी झाल्यावर दिशा कोणालाच कळत नाही. पट्टी लावून ओळी आखण्याचा मोह मात्र टाळावा.

राहिल्या सुरकुत्या. वापरातल्या गोधडीचा मऊ, चुरगळलेला पोत दोऱ्याच्या ओढीने व धुण्याने येतो. वरचे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे, आत कोऱ्या मांजरपाटाचा न धुतलेला थर घालावा आणि गोधडी शिवून झाल्यावर धुवावी. मांजरपाट आटतो व टाक्याटाक्यांतून वरचे कापड उचलले जाते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. विरलेल्या लुगड्यावर नायलॉनचा ताणलेला दोरा वापरू नये. धुता-धुता तो कापड आणि सुती दोरा दोन्ही कापत जातो. त्याची टोके कडक असून अंगाला टोचतात, म्हणून तान्ह्या मुलांच्या दुपट्यांना हा दोरा वर्ज्य समजावा. जुने सुती लुगडेच आता दुर्मिळ झाले आहे. कृत्रिम धाग्यांच्या साड्या घाम टिपत नाहीत व टाका नीट धरीत नाहीत. ज्या घरी अशी लुगडी शिल्लक असतील तेथे ती हाताच्या टाक्यासाठीच राखून ठेवणे शहाणपणाचे होईल.

विक्री आणि नाव

हातमागाच्या कापडाला यंत्रमागाच्या स्पर्धेपासून वाचविण्यासाठी १९८५ साली कायदा करावा लागला आणि २००६ साली हातमाग चिन्ह सुरू झाले. गोधडीचा ग्राहक प्रदर्शनात विक्रेतीच्या शब्दावर विसंबतो. यंत्रावरील गोधडी हातची म्हणून विकणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. परंतु कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी तोटा गटातल्याच बाईचा होतो. दोन्ही गोधड्या एकाच नावाने मांडल्या की यंत्राचा दर हातालाही लागू पडतो आणि जिने कित्येक दिवस टाके घातले तिच्या पदरी यंत्राची मजुरी पडते.

जाणकार ग्राहक गोधडी उलटून पाहतो. हातच्या गोधडीत मागेही टाका आणि मोकळी जागा तशीच असते, तर यंत्राच्या गोधडीत मागे बॉबिनच्या दोऱ्याची सलग रेघ दिसते. गटांनी ही मागची बाजू स्वतःहूनच दाखवावी, 'हाताचा टाका' व 'यंत्राचा टाका' अशा दोन पाट्या लावाव्यात, दर वेगळे ठेवावेत आणि हाताच्या गोधडीवर किती दिवस लागले ते चिठ्ठीवर लिहावे. शाळांतील शिवणाच्या तासाला दोन्ही टाक्यांचे वीतभर नमुने एकाच कापडावर घालून घेतल्यास, मुलींना व मुलांनाही, हा फरक बोटांनीच समजेल.