वाळवंटाखालची गुहा



अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात चिवावन वाळवंटातून मोटारीने जाणारे प्रवासी कार्ल्सबाडच्या गुहा पाहण्यास थांबतात. उन्हाळ्यात वर रणरणते ऊन असते. सुमारे २३० मीटर खाली मात्र बाराही महिने १३ अंश सेल्सिअसच्या आसपास गारवा! म्हणून स्वेटर सोबत घ्यावा लागतो.

येथील चुनखडक सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात तयार झाला. बहुतेक चुनखडी गुहा पावसाच्या सौम्य आम्लयुक्त पाण्याने कोरल्या जातात. येथे खोलवरच्या तेलसाठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू वर आला, भूजलातील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल बनले व त्याने खडक विरघळवला. पुढे झिरपत्या पाण्याने थेंबाथेंबाने लवणस्तंभ घडविले.

हे स्थान १९३० साली राष्ट्रीय उद्यान व १९९५ साली जागतिक वारसास्थळ झाले. गुहेत साध्या पाण्याखेरीज काहीही खाण्यापिण्यास मनाई आहे. तरी २०२४ साली कोणाकडून तरी मक्याच्या कुरकुऱ्यांचे पाकीट तेथे पडले. दमट हवेत कुरकुरे मऊ झाले, त्यांवर बुरशी वाढली, कोळी-माश्या जमल्या. ती बुरशी आणि कचरा काढण्यास वनरक्षकांना वीस मिनिटे लागली. टाकणाऱ्याला जे क्षुल्लक वाटले असेल, ते अंधारातील त्या चिमुकल्या जीवसृष्टीसाठी मोठे संकट होते.

स्वाध्याय :
१) ही गुहा इतर चुनखडी गुहांहून वेगळी कशी?
२) आपल्या पुढील सहलीसाठी तीन नियम पालकांशी चर्चा करून लिहा.

— मुख्याध्यापक